न्यूजरूमचे दार विद्यार्थ्यांना उघडा

1941 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात नील ग्रॉस नावाचा एक विद्यार्थी सकाळी सहाला शेतकऱ्यांच्या दारात हजर होत असे. तो आयोवा स्टेट कॉलेजात समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेत होता. वाढलेला मिलवॉकी शहरात, शेतीशी संबंध नाही. शेतकरी पहाटेच उठतात, लवकर जा, असे कोणीतरी सांगितले आणि त्याने ते मनावर घेतले. ग्रीन काउंटीतल्या दोन गावांच्या परिसरातला एकूण एक शेतकरी गाठायचा आणि त्याला विचारायचे, मक्याच्या संकरित बियाण्याबद्दल पहिल्यांदा कधी ऐकलेत, कोणाकडून ऐकलेत, पेरायला कधी लागलात? मिळेल ते उत्तर लिहून घ्यायचे. दिवसाला सरासरी चौदा मुलाखती त्याने उरकल्या. एका शेतकऱ्याने त्यालाच उलटा प्रश्न टाकला: शेतात ‘हॉर्स नेटल’ फार माजलेय, काय करावे? हॉर्स नेटल हे एक चिवट काटेरी तण. ग्रॉसने ते नाव उभ्या आयुष्यात ऐकलेले नव्हते. घोडा आजारी असावा असे समजून त्याने जनावरांच्या डॉक्टरला बोलवा असा सल्ला दिला.

शेतीतले ओ की ठो न कळणाऱ्या या पोराने माणसांना विचारण्याचे काम मात्र चोख केले. विश्लेषणासाठी 259 शेतकऱ्यांच्या मुलाखती धरल्या गेल्या. संकरित बी 1928 मध्ये बाजारात आले होते आणि त्याने उत्पन्न साधारण 20 टक्क्यांनी वाढत होते. तरी ते पहिल्यांदा कानावर पडल्यापासून स्वीकारेपर्यंत शेतकऱ्यांनी सरासरी नऊ वर्षे घेतली. बियाण्याची माहिती सर्वाधिक शेतकऱ्यांना पहिल्यांदा कंपनीच्या विक्रेत्याकडून मिळाली. पण निर्णय झाला तो शेजाऱ्याच्या शब्दावर. 1941 पर्यंत दोघे वगळता सगळे संकरित बी पेरू लागले होते. या मुलाखतींवर ग्रॉसचा प्रबंध उभा राहिला आणि 1943 मध्ये त्याने आपले प्राध्यापक ब्राइस रायन यांच्यासह तो निबंधरूपाने ‘रूरल सोशिऑलॉजी’ या नियतकालिकात छापला. पुढे त्याच विद्यापीठातून 1957 मध्ये पीएच.डी. झालेल्या एव्हरेट रॉजर्स यांनी हा धागा पकडून 1962 मध्ये ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ हे पुस्तक लिहिले. आज लसीकरणाची मोहीम आखणारा आरोग्य विभाग असो, नवी साबणवडी खपवणारी जाहिरात संस्था असो, की निवडणुकीची ‘वॉर रूम’ असो, माहिती कोण देतो आणि मन कोण वळवतो या दोन गोष्टी वेगळ्या धरूनच काम चालते. हा फरक आकड्यांनिशी दाखवला तो एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या वहीने.

पंधरा वर्षांनी याच प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या आसपासच्या गावांत शोधले गेले. 1956 मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे, अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची आणि जमेल ते करून पाहायचे, असा शिरस्ता होता. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते पॉल नॉयराट यांनी केले. त्यांनी मंडळे असलेली वीस गावे निवडली आणि शेजारी मंडळे नसलेली वीस गावे ठेवली. त्या दुसऱ्या विसांपैकी निम्म्यांत रेडिओ होता, निम्म्यांत नव्हता. प्रयोगाच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहिती भराभर वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती जवळपास तेवढीच राहिली. आवाज घरात पोचला म्हणजे गोष्ट पोचली, हा समज मराठी शेतकऱ्यांनी दिलेल्या उत्तरांमुळे खोटा ठरला. या प्रयोगाचा दाखला आजही संवादशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत येतो.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की महाराष्ट्रात संशोधक विद्यार्थ्याविषयी बोलण्याची रीत बिघडली आहे. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, अधिछात्रवृत्तीच्या चर्चेत, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा सवाल सत्ताधारी बाकांवरून विचारला गेला. त्यावर गदारोळ झाला, दिलगिरीही आली. पण हा प्रश्न विधिमंडळापुरता नाही. तो घरात विचारला जातो, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये विचारला जातो आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तर जास्तच विचारला जातो. पत्रकारिता आणि जनसंवाद या विषयात संशोधन म्हणजे नोकरी मिळेपर्यंतचा विरंगुळा, किंवा प्राध्यापकाच्या जागेसाठी लागणारा कागद, अशी समजूत पक्की झाली आहे. या समजुतीने सर्वांत मोठे नुकसान होते ते मराठी पत्रकारितेचे, कारण तिच्याकडे बाहेरून आणि शांतपणे पाहू शकणारे दुसरे कोणी उरलेले नाही. पत्रकाराला वेळ नसतो. मालकाला आणि जाहिरातदाराला स्वतःचे हितसंबंध असतात. विद्यार्थ्यापाशी दोन-तीन वर्षे असतात आणि गमावण्यासारखे फारसे काही नसते.

वॉरन ब्रीड याचे उदाहरण प्रत्येक मराठी संपादकाने वाचावे असे आहे. हा आधी वृत्तपत्रात काम केलेला माणूस. नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्राची डॉक्टरेट करायला आला. 1952 मध्ये त्याचा प्रबंध पुरा झाला आणि 1955 मध्ये त्यातून ‘सोशल कंट्रोल इन द न्यूजरूम’ हा निबंध निघाला. त्याने अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यम आकाराच्या दैनिकांतल्या सुमारे 120 पत्रकारांशी बोलून घेतले. प्रश्न साधा होता. प्रत्येक वृत्तपत्राचे एक धोरण असते: कोणावर लिहायचे, कोणाला सांभाळायचे, कोणती बातमी आतल्या पानात दाबायची. हे धोरण कागदावर कुठेच नसते. नव्या वार्ताहराला ते कोणी सांगतही नाही. मग तो ते शिकतो कसा?

ब्रीडला मिळालेले उत्तर कोणत्याही डेस्कवर आज खरे ठरेल. नवा वार्ताहर रोज आपलाच पेपर वाचतो. आपली कोणती बातमी आली, कोणती पडली, कोणत्या ओळीवर निळी पेन्सिल फिरली, हे तो पाहतो. वरिष्ठ ज्यावर मान डोलावतात आणि ज्यावर नुसते हुं करतात त्याची नोंद त्याच्या डोक्यात होत जाते. सहा महिन्यांत त्याला कात्री लावावीच लागत नाही, तो लिहितानाच कापून लिहितो. ब्रीडने याची कारणेही मांडली. नोकरीची भीती हे त्यातले एकच कारण. बाकीची जास्त मानवी आहेत: ज्यांनी शिकवले त्यांच्याविषयी आदर, बढतीची आशा, आणि रोज ताजी बातमी पकडण्याचा आनंद, जो इतका मोठा असतो की धोरणावर भांडण्यात कोणाला रस उरत नाही. वार्ताहर धोरणाला वळसा कसा घालतात, तेही त्याने लिहून ठेवले. संपादकापेक्षा वार्ताहराला विषयाची माहिती जास्त असली की फट सापडते. स्वतःच्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या क्षेत्रावर, पकड असली की ती रुंदावते. एखादी अवघड बातमी दुसऱ्या पेपरातल्या मित्राला देऊन तिथे छापून आणायची आणि मग आपल्या संपादकाला ‘आता आपल्यालाही घ्यावी लागेल’ म्हणायचे, ही युक्तीही त्यात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलेल्या पत्रकाराला ती ओळखीची वाटेल.

ब्रीडने एकाही पेपराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. त्याने नावे झाकली आणि यंत्रणा दाखवली. म्हणूनच तो निबंध सत्तर वर्षे टिकला. रोजच्या भांडणात कोणता पेपर विकला गेला आणि कोणता ताठ राहिला याची चर्चा होते. माणसे आपापल्या खुर्चीत बसून, कोणाचाही आदेश नसताना, एकाच दिशेला कशी वळतात हे त्या चर्चेत कधी येत नाही.

पुढची पायरी गे टकमन हिने चढली. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रँडाइस विद्यापीठात डॉक्टरेट करताना ती एका वृत्तपत्राच्या आणि एका दूरचित्रवाणी केंद्राच्या न्यूजरूममध्ये जाऊन बसली. पत्रकार ज्याला वस्तुनिष्ठता म्हणतात ती प्रत्यक्षात काय असते, हे तिने पाहिले. दोन्ही बाजूंचे म्हणणे घ्यायचे, कोणाचे तरी विधान अवतरणचिन्हांत टाकायचे, जबाबदारी बोलणाऱ्यावर सोडायची आणि डेडलाइन गाठायची. खटल्यापासून आणि वरिष्ठांच्या रागापासून बचाव करणारी ही एक रीत आहे, असे तिने 1972 च्या निबंधात मांडले. आपल्याकडची ‘असा आरोप त्यांनी केला’ ही ओळ आठवावी. आरोप खरा की खोटा हे तपासण्याचे काम त्या एका ओळीने वाचकावर ढकलले जाते. शिवाय पत्रकार कुठे उभे आहेत यावर बातमी कुठे घडते हे ठरते, हेही टकमनने पुढे दाखवले. मंत्रालय, पोलीस आयुक्तालय, महापालिका आणि न्यायालय इथे बीट असते, म्हणून तिथे रोज बातमी ‘घडते’. ऊसतोड कामगारांच्या फडावर बीट नसते.

मराठीत काय चालले आहे? पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतले पत्रकारिता विभाग यांतून वर्षानुवर्षे मुले बाहेर पडत आहेत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तर पत्रकारितेचे शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आले. सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्झली तिथे शिकवायला आले होते. परंपरा छोटी नाही. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले लाखो प्रबंध आता कोणालाही वाचता येतात. त्यात पत्रकारितेवरचे मराठी प्रबंध चाळले की ‘योगदान’, ‘चिकित्सक अभ्यास’, ‘विशेष संदर्भ’ हे शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात. एखाद्या थोर संपादकाचे अग्रलेख, एखाद्या दैनिकाची वाटचाल, एखाद्या चळवळीतली पत्रकारिता. हे काम निरुपयोगी नाही. रा. के. लेले यांनी मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहिला नसता तर बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासूनचा, म्हणजे 1832 पासूनचा, पट आज सलग हाती लागला नसता. अडचण अशी, की भूतकाळावरचे प्रबंध निर्धोक असतात. त्यात कोणाचा फोन येत नाही. चालू न्यूजरूमवर लिहायचे तर दार उघडावे लागते, आणि ते बंद असते.

दार बंद असले तरी एक वस्तू सर्वांच्या हाती असते: छापलेला पेपर. त्यावरच केवढे काम होऊ शकते हे महाराष्ट्रानेच देशाला दाखवले. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या मराठी दैनिकांचे अंक शेजारी शेजारी ठेवले. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या गौरवाचा एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दाला शब्द तोच छापून आलेला दिसला. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द त्यानंतर देशभर गेला. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिचा 71 पानांचा अहवाल कौन्सिलने आधी बाजूला ठेवला आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये तो लोकांपुढे आला. यातले मूळ काम म्हणजे अंक गोळा करणे, वाचणे आणि जुळवून पाहणे. कोणत्याही एम. ए. च्या विद्यार्थ्याला ते करता येते. तालुक्याच्या वाचनालयात दैनिकांचे अंक बांधून ठेवलेले असतात. नगरपालिकेच्या एका निवडणुकीचे तीन आठवडे घ्यावेत, चार पेपर घ्यावेत, प्रत्येक उमेदवाराला मिळालेली जागा स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि त्याच अंकांतल्या जाहिरातींची जागाही मोजावी. दोन आकडे शेजारी मांडले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

असेच काम जनसंपर्काच्या बाबतीत करता येईल. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी राष्ट्रीय दैनिकांतल्या 2,207 देशांतर्गत बातम्या घेतल्या आणि त्यांतला मजकूर वृत्तसंस्थांच्या बातम्यांशी आणि प्रसिद्धीपत्रकांशी ताडून पाहिला. 60 टक्के बातम्या पूर्णपणे किंवा बहुतांशी अशा तयार मजकुरावर उभ्या होत्या. ज्यांत तयार मजकुराचा मागमूस नाही अशा बातम्या 12 टक्के निघाल्या. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी डेस्कवर रोज संध्याकाळी काय घडते हे उपसंपादकांना माहीत आहे. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची पत्रके, कारखान्यांची पत्रके, शिक्षणसंस्थांची पत्रके, पक्षांची पत्रके, सगळी मेलवर आणि व्हॉट्सॲपवर येऊन पडलेली असतात. आवृत्ती सोडायची असते, माणसे कमी असतात. पत्रकाचे शीर्षक बदलले जाते, पहिला परिच्छेद उचलला जातो, नेत्याचे फोटो लागतात. यात उपसंपादकाला दोष देण्यासारखे फार थोडे आहे. एका माणसाला तीन पाने लावायची असतील तर तो दुसरे काय करणार? पण हे प्रमाण किती आहे, कोणत्या विषयात जास्त आहे, जिल्हा आवृत्तीत आणि मुख्य आवृत्तीत फरक किती आहे, हे मोजले तर डेस्कवर माणसे का हवीत याचा मालकापुढे ठेवता येईल असा पुरावा तयार होईल. विद्यार्थ्याचे संशोधन पत्रकाराच्या विरोधात असते असे मानणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात घ्यावा.

आणि एक मोजणी अशी आहे जिच्याविषयी मराठी माध्यमे फारसे बोलत नाहीत. 2006 मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या 37 राष्ट्रीय हिंदी आणि इंग्रजी माध्यमांतल्या 315 वरिष्ठ पत्रकारांची सामाजिक पार्श्वभूमी तपासली. निर्णय घेणाऱ्या त्या जागांवर एकही दलित किंवा आदिवासी पत्रकार सापडला नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू होऊन तेव्हा 86 वर्षे झाली होती. ज्या राज्यात 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले, त्या राज्यातल्या न्यूजरूममध्ये कोण बसते, कोणाच्या हाती पहिले पान असते, किती स्त्रिया शहर आवृत्तीच्या प्रमुख झाल्या, तालुका वार्ताहराला महिन्याला किती मिळतात, हे जिल्हावार मांडले गेले पाहिजे. हे काम सरकारी समितीने करावे असे नाही. ते करण्याची सर्वांत जास्त पात्रता ज्या विद्यार्थ्यांकडे आहे, ते याच विद्यापीठांत बसलेले आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर शिकणारी कितीतरी मुले घरातली पहिली पदवीधर आहेत. गावात कोणाची बातमी लागते आणि कोणाची लागत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. त्यांच्यातले काही दिवसा प्रबंध लिहितात आणि रात्री कुठल्यातरी डेस्कवर पाने लावतात. अधिछात्रवृत्ती महिनोन्महिने लांबली की या मुलांना आधी संशोधन सोडावे लागते, मग शहर.

दिवे लावण्याचा प्रश्न विचारणाऱ्यांना एक जुनी तारीख सांगावीशी वाटते. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या 25 वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला गेला. जातीचा विचार करणाऱ्या कोणालाही आजही त्याला वगळून पुढे जाता येत नाही.

आता संशोधनाच्या प्रामाणिकपणाविषयी, कारण दार उघडा म्हणताना आत येणाऱ्याने काय सांभाळावे हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर 2014 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला विद्यार्थी मायकेल लाकूर याचा निबंध आला. कोलंबियाचे नामवंत प्राध्यापक डोनाल्ड ग्रीन सहलेखक होते. घरोघरी जाऊन साधलेल्या वीस मिनिटांच्या संवादाने समलिंगी विवाहाविषयीचे लोकांचे मत बदलते आणि तो बदल अनेक महिने टिकतो, असा दावा होता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. बर्कलेचे डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काल्ला, दोघेही तेव्हा विद्यार्थीच, त्याच पद्धतीने मायामीत प्रयोग करायला निघाले. त्यांना लोकांचा प्रतिसाद लाकूरच्या आकड्यांच्या जवळपासही मिळेना. त्यांनी सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीला विचारले, तर असे काम आम्ही केलेच नाही, असे उत्तर आले. येलचे पीटर अरोनाव यांच्यासह त्यांनी मे 2015 मध्ये आकड्यांतल्या विसंगती जाहीर केल्या. ग्रीन यांनी स्वतःच निबंध मागे घेण्याची विनंती केली आणि काही दिवसांत ‘सायन्स’ने तो मागे घेतला. या दोघांनी आपला प्रयोग मात्र सोडला नाही. 2016 मध्ये त्यांचा खरा निबंध त्याच नियतकालिकात आला: मायामीत तृतीयपंथीयांविषयीचा पूर्वग्रह दहा मिनिटांच्या मोकळ्या गप्पांनी कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने राहिला.

खोटेपणा विद्यार्थ्याने केला, पकडलाही विद्यार्थ्यांनीच, आणि मग तोच प्रश्न सरळ मार्गाने सोडवूनही दाखवला. हे घडले, कारण त्यांनी कच्ची आकडेवारी तपासली. आपल्याकडे 2018 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याची तपासणी सक्तीची केली आहे; दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. ते ठीक आहे. पण सॉफ्टवेअर वाक्ये जुळवते. प्रश्नावलीतल्या दोनशे वाचकांना खरेच कोणी भेटले होते का, हे ते सांगू शकत नाही. भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि मोजणीचे तक्ते विभागाच्या कपाटात किमान पाच वर्षे ठेवावेत आणि पुढच्या विद्यार्थ्याने मागितले तर द्यावेत, एवढा नियम प्रत्येक पत्रकारिता विभागाला आजच करता येईल. बातमीचा पुरावा जपून ठेवायला शिकवणाऱ्या विभागांना हे जड जाऊ नये.

2022 च्या नव्या नियमावलीत आयोगाने प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. त्या सक्तीपायी पैसे भरून छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली होती. आता तो वेळ आणि पैसा वाचतो आहे, तर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाचे सार बाराशे शब्दांत, सोप्या मराठीत, कोणत्याही वाचकाला कळेल असे लिहावे आणि वृत्तपत्रांनी ते छापावे. रविवारच्या पुरवणीत महिन्याला एक पान त्यासाठी सहज निघेल. ज्यांच्याविषयी संशोधन झाले त्यांच्यापर्यंत ते पोचलेच नाही, तर पुण्याच्या त्या गावांनी 1956 मध्ये शिकवलेला धडा संवादशास्त्राच्या विभागांनीच विसरला असे होईल.

संपादकांची भीती खरी आहे. बाहेरचा मुलगा किंवा मुलगी तीन महिने डेस्कशेजारी बसणार, कोणाचा फोन आल्यावर बातमी पडली ते पाहणार, आणि ते छापले जाणार. यावर उपाय ब्रीडने दाखवला आहे. दैनिकाचे नाव, शहराचे नाव, माणसांची नावे झाकता येतात. आधीच लेखी करार करता येतो: विद्यार्थ्याने काय पाहायचे, बातमीचे स्रोत कसे गुप्त ठेवायचे, चालू बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि निष्कर्षात संपादकाने हात घालायचा नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी रुग्णालयात आणि विधीचे विद्यार्थी न्यायालयात जातातच. पत्रकारितेचा विद्यार्थी इंटर्न म्हणून न्यूजरूममध्ये आजही येतो, पण त्याच्याकडून प्रेसनोट टाइप करून घेतल्या जातात. त्याच्या हाती एक वही आणि एक प्रश्न द्यायला वेगळा खर्च येत नाही. सुरुवात मोठ्या दैनिकाच्या मुख्यालयापासून व्हायला हवी असेही नाही. सांगली, लातूर, अकोला, जळगाव इथली एखादी जिल्हा आवृत्ती पुरे. करार झाल्यावर विद्यार्थ्याने आपला मसुदा विद्यापीठात सादर करण्याआधी त्याच न्यूजरूममध्ये, त्याच उपसंपादकांपुढे आणि वार्ताहरांपुढे मांडावा. ज्यांना तो चुकीचा वाटेल त्यांचे आक्षेप प्रबंधाला परिशिष्ट म्हणून, त्यांच्याच शब्दांत, जोडले जावेत.